दादाचा आहेर आणि बिनआवाजाचा कॅमेरा

माझ्या मुलीच्या लग्नातून माझा सख्खा थोरला भाऊ न जेवता निघून गेला, आणि त्याला कारण आमच्या ह्यांचा कॅमेरा, असं मी नंतर काही दिवस येईल-जाईल त्याला सांगत होते. अजूनही कुणी विचारलं तर निम्मं तसंच सांगते. पण सगळं सांगायचं तर कॅमेऱ्यापासूनच सुरुवात करावी लागेल. ह्या विषयावर आमच्या घरात इतकं बोलून झालंय की नुसता तो शब्द निघाला तरी माझं डोकं उठतं.

माझ्याकडे एक जुना डीएसएलआर आहे. साताऱ्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचे. स्नेहसंमेलन, सहल, विज्ञान प्रदर्शन, कुणाचा तरी निरोप समारंभ, ह्या सगळ्याचे फोटो काढायचं काम "बाई, तुमचा हात बरा आहे" असं म्हणून माझ्या गळ्यात मारलेलं होतं. त्यासाठी मी तो घेतला. कंपनीचा सगळ्यात साधा, शिकाऊ माणसांसाठी काढलेला. सोबत मिळाली तीच लेन्स, दुसरी कधी घेतलीच नाही. अंधारात फोटो काढला की त्यावर रवा सांडल्यासारखे दाणे यायचे, आणि फोकस कधी कधी मुलाच्या तोंडाऐवजी मागच्या फळ्यावर बसायचा. मला मान्य आहे, तो काही फार हुशार कॅमेरा नव्हता. पण बटण दाबलं की त्याच्या आतला आरसा वर उडायचा आणि खटॅक असा आवाज व्हायचा. उजेड कमी असला तर डोक्यावरचा फ्लॅश आपण होऊन उठायचा आणि लख्खकन पडायचा. पन्नास पोरांचा वर्ग त्या खटॅकपर्यंत श्वास धरून बसायचा आणि खटॅक झालं की सुटायचा. पुन्हा कुणाला काही सांगावं लागायचं नाही.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि तिसऱ्या महिन्यात पुण्याहून मिररलेस कॅमेरा घेऊन आले. हौसेला मोल नसतं हे मला कळतं. भजनी मंडळात गेले असते, बागेत झाडं लावली असती, तरी मी काही बोलले नसते. पण हा माणूस नवीन वस्तू घेऊन गप्प बसणाऱ्यातला नाही. आपली वस्तू चांगली म्हणून त्याचं भागत नाही, माझी वाईट ठरावी लागते.

"ह्यात आरसाच नाही," पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

"मग काय आहे?"

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे."

मग तुलना सुरू झाली. ओट्याशी बसून मी मेथी निवडत होते, तर दोन्ही कॅमेऱ्यांनी माझे फोटो काढले आणि संगणकावर शेजारी शेजारी लावून मला हात धुवायला लावून बोलावलं. माझ्या कॅमेऱ्यातली मी जशी असते तशी होते. त्यांच्या कॅमेऱ्यातल्या माझ्या हनुवटीवरचा प्रत्येक केस मोजता येत होता. "डिटेल बघ, डिटेल," असं त्यांचं चाललेलं. मी म्हटलं, बघितलं, आता पुसून टाका.

माझ्या कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावला की समोरचं माणूस काचेतून दिसतं, आहे तसं. ह्यांच्या भोकात एक चिमुकला टीव्ही आहे. बायको चार हातांवर उभी आणि हे तिला टीव्हीत बघणार. त्यांचा कॅमेरा म्हणे माणसाचा डोळा आपोआप शोधतो. शोधतो, खोटं कशाला बोलू. देवघरातल्या तसबिरींचेही डोळे शोधून त्यांच्यावर हिरवे चौकोन नाचवतो. माझी बॅटरी दोन दिवसांच्या सहलीला पुरायची. ह्यांची दुपारच्या जेवणापर्यंत मान टाकते, म्हणून तीन घेतल्या, आणि त्या तिन्ही आळीपाळीने माझ्या मिक्सरच्या प्लगवर चढलेल्या असतात. अजिंक्यताऱ्यावर एकदा सकाळी गेले आणि एका साळुंकीचे चारशे फोटो घेऊन आले. चारशे. त्यातला एकही पुसायचा नाही, कारण प्रत्येकात तिची मान वेगळी आहे.

हे सगळं मी चालवून घेतलं. पण त्यांनी त्याचा आवाज बंद केला, तिथं आमचं वाजलं. त्या कॅमेऱ्यात तशी सोय आहे. बटण दाबा, धरून ठेवा, फोटो निघत राहतात आणि चूं की चां होत नाही. अंधारातही त्याला दिसतं, त्यामुळे फ्लॅशही नको. "आवाज झाला की माणूस सावध होतो," हे म्हणाले. "मग चेहरा नॅचरल राहत नाही. आणि हल्ली फ्लॅश मारणं म्हणजे अडाणीपणा."

मी म्हटलं, आपल्याकडे माणसाला सावधच व्हायचं असतं. फोटो म्हटला की बाई पदर सारखा करते, बाप्या टोपी सरळ करतो, दोघं ताठ होतात आणि उजेड पडेपर्यंत पापणी हलवत नाहीत. तो उजेड म्हणजे त्यांना पोच असते. पोच मिळाली की ते हलतात. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालचं कोण सांगणार. "तुझा जमाना गेला," असं म्हणून त्यांनी माझा कॅमेरा पिशवीत घालून माळ्यावर टाकला.

आता दादाचं सांगते. माझं माहेर इस्लामपूरजवळ, वाळवा तालुक्यात. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणजे दादा आणि वहिनी. दोन वर्षांपूर्वी दादाच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा पत्रिका मोबाइलवर आली. सख्ख्या बहिणीला पत्रिका द्यायला भावानं घरी येऊ नये, कुंकू लावू नये, ह्याचा मला भयंकर राग आला. कारखाना सुरू होता, ऊस तोडीला आला होता, त्याला उसंत नव्हती, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मी अक्षता टाकायला अगदी वेळेवर पोचले आणि अक्षता टाकून, अख्ख्या गावादेखत, न जेवता परत आले. दादानं त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. दोन राख्या पोस्टानं गेल्या. दोन भाऊबीजा मी चंद्राला ओवाळलं. आमच्या घराण्यात रुसणं रक्तातच आहे, आणि रुसवा काढायची अक्कल कुणालाच नाही.

मुलीचं ठरल्यावर मी राग गिळला. हळद-कुंकू, पत्रिका, अक्षता घेऊन स्वतः गेले. दादा सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसला होता. अक्षता हातात घेतल्या, कपाळाला लावल्या आणि म्हणाला, "मामा हाय मी पोरीचा. येनारच की." माझ्याकडे न बघता म्हणाला, पण म्हणाला. घरी येईपर्यंत मी एसटीत रडत होते. त्या लग्नात दागिने, जेवण, मांडव, सगळं एका बाजूला आणि दादा माहेरचा आहेर घेऊन येणार हे एका बाजूला, असं मला झालं होतं. तो आला, आहेर केला, सगळ्यांच्यात बसून जेवला, की आमचं मिटलं. बोलून मिटवायची पद्धत आमच्यात नाहीच. असंच मिटतं.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताआधी माहेरचा आहेर होतो. भाऊ-भावजय स्टेजवर येतात, पाहुण्याला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, टॉवेल-टोपी करतात, बहिणीला साडी देतात. साडीची घडी एका बाजूनं भावानं धरायची, दुसऱ्या बाजूनं बहिणीनं, आणि दोघांनी समोर बघायचं. तो फोटो निघाल्याशिवाय साडी हातातून सोडत नाहीत. पुढं वर्षानुवर्षं अल्बम उघडला की बायका आधी तोच फोटो शोधतात. साडी कसली होती, भाऊ आला होता का, हे त्यावरून ठरतं.

आमचा ठरवलेला फोटोग्राफर तेव्हा खाली गेटपाशी नवऱ्या मुलाच्या गाडीचे फोटो घेत होता. "त्याची वाट कशाला बघता, मी आहे ना," असं म्हणत आमचे हे टोपी घालून घेऊन उठले ते थेट कॅमेरा घेऊन समोर उभे राहिले. दादानं पांढरा कडक शर्ट घातला होता. साडी पुढं धरली, टोपी सारखी केली. मी घडीचं दुसरं टोक धरलं.

आणि माझा मोबाइल वाजला. आचारी होता. बासुंदीचं दूध फाटलं होतं. आता मुहूर्ताला दीड तास, पाचशे पानं, आणि दूध फाटलेलं. मी एका हातात साडी धरून त्याला झापत होते. तेवढ्यात गुरुजींचा माणूस नारळ किती म्हणून विचारायला आला, त्यालाही त्याच दमात झापलं. मग साडी माझ्या हातात आली होती आणि दादा-वहिनी खाली उतरत होते. मला वाटलं, झालं. त्यांच्या मागोमाग माझे दीर-जाऊ आहेर घेऊन चढले. तोवर फोटोग्राफर वर आला होता, त्यानं त्यांचे फोटो घेतले.

दादानं मामाचं काम चोख केलं. भाचीला हाताला धरून मांडवात आणलं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभा राहिला. पंगती बसल्या तेव्हा मी ताट घेऊन त्याला शोधत फिरले. आधी वाटलं हात धुवायला गेला असेल. मग गेटवरच्या माणसानं सांगितलं, इस्लामपूरची गाडी मघाशीच गेली. मुलीच्या पाठवणीला मी रडले ते निम्मं दादासाठी होतं, हे तिला अजून माहीत नाही.

चार दिवसांनी वहिनीला फोन केला. ती आधी आढेवेढे घेत होती. मग म्हणाली, "आवं वन्सं, त्यास्नी लय लागलंय. माहेरच्या आहेराचा साधा फोटूबी काढला न्हाई म्हनत्यात. आमी साडी धरून हुबं ऱ्हायलो, हुबं ऱ्हायलो, ना आवाज, ना लाइट. ह्यांनी 'झालं का' म्हनून इचारलं, तर कुनी हू की चू केलं न्हाई. आन तुमचं दीर चढलं तवा तीनदा लाइट पडली. मग काय म्हनायचं मानसानं?"

मी फोन ठेवला आणि सरळ ह्यांच्या खोलीत गेले.

"दादाच्या आहेराचा फोटो काढलात का?"

"काढला की. भरपूर काढलेत."

"मग उजेड का नाही पडला?"

"त्याला उजेडाची गरजच नाही. मी तुला किती वेळा सांगितलंय."

"कॅमेऱ्याला नसेल हो. माणसाला असते."

त्यावर ते मला सेन्सर समजावून सांगायला लागले. लग्नातून भाऊ उठून गेला आणि हे सेन्सर सांगतायत. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली, त्या सगळ्या वर्षांचं बोलून घेतलं.

मग फोटो शोधायला बसले. तीन हजारांच्या वर होते, एकही निवडलेला नाही, पुसलेला नाही. मुलीच्या हळदीत मध्येच कार्यालयाच्या कौलावरचं एक कबुतर, त्याचे साठ. सकाळची दुपार झाली तेव्हा दादा सापडला. सत्तेचाळीस फोटो होते. बटण दाबून थांबत, थांबून पुन्हा दाबत, हे काढत राहिले होते.

पहिल्या फोटोत दादा हसत होता. दादा फोटोत हसत नाही. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो फौजदारासारखा उभा आहे. ह्यात हसत होता, अगदी वरचा पडलेला दात दिसेपर्यंत. पाचव्यात, सहाव्यात तेच हसू. दहाव्यात ते हसू नुसतं धरून ठेवलेलं. विसाव्याला ओठ मिटले. तिसाव्यात तो इकडे तिकडे बघायला लागला होता. चाळिसाव्यात त्याचा खांदा उतरला होता आणि शेवटच्यात तो साडी सोडत होता, मान खाली. चेहऱ्यावरचा एकेक केस दिसत होता, डिटेल काही कमी नव्हतं. मी संगणकासमोर बसून मुळूमुळू रडले. आमचे हे मागे येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच काही समजावलं नाही.

पण रडता रडता मला हुरूपही आला. पुरावा मिळाला होता. फोटो काढला नाही म्हणतोस ना, हे घे, सत्तेचाळीस. दिराचे तीन आहेत, तुझे सत्तेचाळीस. हे म्हणाले, कॅमेराच घेऊन जाऊ, स्क्रीनवर दाखवू. मी म्हटलं, कराडपर्यंत त्याची बॅटरी टिकली तर. मी सगळ्यांच्या प्रिंट काढून घेतल्या आणि रविवारी आम्ही गाडी काढली.

उंब्रजपर्यंत हे आवाज चालू करायची सोय कुठल्या मेनूत आहे ते सांगत होते. पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या आणि त्यांचं लक्ष रस्त्याकडे गेलं. मी मनात भांडण जुळवत होते. कुठून सुरुवात करायची, दादानं अमुक म्हटलं तर तमुक म्हणायचं, सगळं पाठ केलं.

दादा गोठ्यापुढं वैरण कापत होता. "या पाव्हणं," असं ह्यांना म्हणाला. मला काहीच नाही. वहिनीनं पाणी आणलं. मी पाण्याला हात लावला नाही. सोप्यात सतरंजीवर बसले आणि त्याच्यापुढं फोटो मांडत गेले, पहिल्यापासून, ओळीनं. सतरंजी संपली तसे फरशीवर मांडले.

"मोज," मी म्हटलं. "फोटो काढला नाही म्हणून गावभर सांगतोस. मोज किती आहेत. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही, त्याला उजेड लागत नाही. तुला कळलं नाही म्हणून तू उठून चालायला लागलास. एका शब्दानं विचारायचं होतंस मला. माझ्या पोरीच्या लग्नातनं उपाशी गेलास तू. मला काय वाटलं असेल, ह्याचा विचार केलास?"

आमच्या ह्यांनी मध्येच, "चूक माझी आहे, मी आवाज बंद ठेवला होता," असं म्हटलं. एवढं कबूल करताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दादानं चष्मा आणायला सांगितला. तो फोटो मोजत नव्हता. तो उकिडवा बसून एकेक बघत सरकत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याला बराच वेळ लागला. मी माझं पाठ केलेलं पुढचं भांडण तयार ठेवून बसले होते. मग तो मागं आला आणि त्यानं एका फोटोवर बोट ठेवलं.

"हे कोन?"

"मी."

"आन हितं?"

मी वाकून बघितलं. घरी ते सगळे फोटो मी बघितले होते, दोनदा, तीनदा, पण प्रत्येकात मी दादालाच बघत होते. स्वतःला बघितलंच नव्हतं. साडीच्या दुसऱ्या टोकाला मी होते. कानाला मोबाइल, तोंड पलीकडे. पुढच्यात तसंच. त्याच्या पुढच्यात नारळवाल्यावर डोळे वटारलेले. सत्तेचाळीस फोटोंपैकी एकातही माझं तोंड दादाकडे नव्हतं.

"हितं बघ," दादा म्हणाला. त्याचं बोट सरकत गेलं. "हितं मी तुझ्याकडं बघतोय. हितंबी. हितंबी. 'झालं का' मी कॅमेऱ्याला इचारलं न्हवतं."

तिसाव्याच्या आसपासचे फोटो बघून मी म्हटलं होतं, तो इकडे तिकडे बघायला लागला होता. तो इकडे तिकडे बघत नव्हता.

"त्या यंत्राला तोंड न्हवतं," दादा म्हणाला. "तुला हुतं की."

तो रागावून बोलला असता तर मी सांभाळून घेतलं असतं, रागाला राग देता येतो मला. तो साधं बोलला. माझं सगळं पाठ केलेलं कुठं गेलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "दादा, चुकलं माझं." हे मी आयुष्यात फार कमी वेळा म्हटलंय, आणि म्हणून झाल्यावर पुढं काय करायचं तेही मला माहीत नाही. म्हणून घाईघाईनं म्हटलं, "आपण परत काढू. साडी आणलीय मी, अजून घडी मोडली नाही तिची."

"परत कशाचा काढतीस," तो म्हणाला. "पोरगी गेली की नांदायला."

त्यानं सगळे फोटो गोळा केले, कडा जुळवल्या आणि गठ्ठा माझ्यापुढं धरला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता.